गिअरबॉक्समधून सोलकढीच्या रंगाचं तेल निघालं तेव्हा

मागच्या महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना आंबा घाटात माझ्या ऑटोमॅटिक गाडीनं ओढणंच सोडलं. साखरपा मागे टाकून चढ सुरू झाला होता, तिसरं का चौथं वळण असेल, एकदम इंजिन ओरडायला लागलं, आरपीएमचा काटा साडेचार हजारावर आणि गाडी आपली बैलगाडीच्या चालीनं, मग तीही बंद. एन (न्यूट्रल) केलं, परत डी (ड्राइव्ह) टाकलं, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग खाडकन धक्का, दहा फूट पुढं आणि परत मोकळी. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर पोरगं झोपलेलं, आणि मागून ट्रकांची रांग. चाकाला दगड लावेपर्यंत माझे हात थरथरत होते.

एक पिकअपवाला थांबला, बिचारा चांगला माणूस, म्हणाला दादा दोरी लावतो, आंबा गावापर्यंत ओढून नेतो. मी तयारच होतो, पण सहज म्हणून उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना फोन लावला तर ते पलीकडून ओरडलेच, "मालक, अजिबात वढायची न्हाई! फ्लॅटबेड मागवा." फ्लॅटबेड म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. कारण असं, की ऑटोमॅटिकमधला तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढलं की आतले भाग तेलाशिवाय फिरत राहतात, थोडंफार वाचलेलं असतं तेही संपतं. हे मला माहीत नव्हतं, सहा वर्षं ऑटोमॅटिक चालवतोय तरी. फ्लॅटबेड यायला साडेचार तास लागले.

खरं म्हणजे गाडी दोन महिने सांगत होती. पन्नास-साठच्या स्पीडला एकसारखी चालवली की रंबलरवरून गेल्यासारखी थरथर यायची, एक-दोन सेकंद, मग गायब. मला वाटलं टायर, म्हणून बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोनदा केलं. आता कळलं ती थरथर कशाची. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे, इंजिन एक फिरवतं, त्यानं ढकललेल्या तेलावर दुसरा फिरतो. एकसारख्या स्पीडला दोघं आत एका क्लचनं एकत्र बांधले जातात, त्याला लॉकअप म्हणतात, म्हणजे स्लिप होत नाही, पेट्रोल वाचतं. तेल बिघडलं की हा क्लच धड पकडत नाही धड सोडत नाही, त्याची ती थरथर.

आणि तेल का बिघडलं ते तर मी डोळ्यांनी बघितलं. मिस्त्रींनी खालचा बोल्ट ढिला केला. चांगलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लाल असतं, आरपार दिसणारं, जुनं झालं तर तपकिरी, जळलं तर काळं आणि करपट वासाचं. आमच्या गाडीतून आलं ते गुलाबी, दुधाळ, दाटसर, वर बारीक फेस. आदल्या दिवशी दुपारी रत्नागिरीत जेवताना सोलकढी प्यायलो होतो, हुबेहूब तो रंग. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. नंतर गिअरबॉक्स उघडल्यावर त्यांनी क्लचची एक प्लेट माझ्या हातात दिली आणि नखानं खरवडा म्हणाले. वरचं अस्तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं सुटून आलं.

झालं असं होतं की बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं गरम तेल थंड व्हायला पाइपातून पुढं रेडिएटरमध्ये जातं, तिथं टाकीच्या आत एक छोटा कूलर असतो, आतून तेल, बाहेरून कुलंट, मधे फक्त धातूची पातळ भिंत. ती भिंत गंजली किंवा तडकली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि त्या क्लच प्लेटांचं अस्तर कागदाच्या जातीचं, गोंदानं चिकटवलेलं, तेलात कितीही वर्षं राहील पण त्यात कुलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल गेलं की फुगतं आणि गोंद सोडतं. पुढचं सगळं त्या गोंदावरच ठरतं.

अमेरिकेत लोक याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. तिथं निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा गाड्यांमध्ये रेडिएटरचं हे दुखणं इतकं गाजलं की खटले झाले आणि कंपनीनं रेडिएटरची वॉरंटी वाढवून दिली. माझी गाडी त्यातली नाही, कंपनीही दुसरी, पण रचना तीच. आणि माझ्या बाबतीत चूक माझीही आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी, कुलंट थोडं कमी दिसलं की मी तेच ओतत आलो, सहा वर्षं. क्षार असलेलं पाणी त्या धातूचं काय करतं ते घरातल्या गिझरची कॉइल बघूनही मला सुचलं नाही याचं फार वाईट वाटतं.

पण राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. सर्व्हिस सेंटरला मी दोनदा विचारलं होतं की गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं, दोन्ही वेळा उत्तर एकच, सर ते लाइफटाइम आहे, हात लावायची गरज नाही. अहो कुणाचं लाइफटाइम? जर्मनीची झेडएफ, जी स्वतः जगभरच्या कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवते, ती आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी बदला म्हणते. माझी गाडी अकरा वर्षांची, १,१८,००० चाललेली. एकदा जरी कुणी तेल काढून बघितलं असतं तर रंग दिसला असता, आणि सुरुवातीलाच सापडलं तर रेडिएटर बदलून, तेल चार-पाच वेळा फ्लश करून गिअरबॉक्स वाचू शकतो. आता बंद पडल्यावर त्याच लोकांनी न उघडता सांगितलं, पूर्ण असेंब्ली बदला, साडेतीन लाख. मिस्त्रींनी प्लेटा, सील, टॉर्क कन्व्हर्टर, नवा रेडिएटर सगळं धरून एक लाख बेचाळीस हजारात उभी केली. एवढे पैसेही आमच्यासाठी लहान नाहीत, पण गाडी चालतेय.

गिअरबॉक्सचं तेल बघायची सळई, डिपस्टिक, नसते हल्ली बऱ्याच गाड्यांना, त्यामुळं आपल्याला घरी तेल बघता येत नाही, पातळीसुद्धा गाडी लिफ्टवर घेऊन, तेल ठरावीक तापमानाला आलं की खालचा प्लग उघडून बघायची असते. पण कुलंटची बाटली तर बघता येते ना! थंड गाडीत टॉर्च मारून बघा, कडेला तेलकट थर किंवा साय धरल्यासारखं काही दिसलं तर गाडी चालवू नका, आधी दाखवा. एएमटी असेल तर हे नाही, ती आत मॅन्युअलच असते, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं, तिचा क्लच चढावर ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवल्यानं जळतो, ते प्रकरण वेगळं. सीव्हीटीवाल्यांनी (गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) मात्र नक्की बघा, तिथंही अनेक गाड्यांत तेल कुलंटनंच थंड होतं.

आमच्या गाडीला मिस्त्रींनी आता ग्रिलच्या मागं वेगळा तेलाचा कूलर बसवलाय, रेडिएटरशी संबंधच ठेवला नाही. आणि काल रात्री मेव्हण्याकडं जेवायला गेलो होतो, त्याची पण ऑटोमॅटिक, माझ्याहून एक वर्ष जुनी. बॉनेट उघडायला लावलं. बाटलीच्या आत कडेनं गुलाबीसर तेलकट रेघ होती. चावी मी माझ्याकडंच ठेवलीय, सकाळी फ्लॅटबेड येतोय.