आमची वाटचाल : रस्त्याच्या मातीपासून कचरा डेपोच्या मातीपर्यंत

2004 साली सांगलीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही माती तपासायची लॅब सुरू केली. एक ओव्हन, दोन वजनकाटे, प्रॉक्टरचे साचे (कोणत्या ओलाव्याला माती सर्वात घट्ट दबते ते बघायला) आणि कोअर कटर (दाबलेल्या थरातून नमुना काढायची नळी). मी साइटवर, बायको लॅबमध्ये. कामं बहुतेक रस्त्यांची, अधूनमधून पाझर तलावाची. आम्हाला एकच गोष्ट पाठ होती: दबाईचे टक्के, म्हणजे लॅबमधल्या कमाल घनतेच्या तुलनेत जागेवरची घनता, भरले की थर पास.

मग एका नगरपरिषदेच्या बंद कचरा डेपोवर मातीचं आच्छादन घालायचं काम निघालं आणि तपासणी आमच्याकडे आली. 2000 च्या घनकचरा नियमांत जे होतं तेच 2016 च्या नियमांतही आलं: 60 सेंमी चिकणमाती, वर पाणी वाहून न्यायला 15 सेंमीचा थर, त्यावर झाडझुडूप धरण्यासाठी 45 सेंमी माती. चिकणमातीतून पाणी जाण्याचा वेग सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा कमी हवा. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम 3 सेंमी. जुन्या डेपोंच्या तळाला बहुधा कसलंच अस्तर नसतं. वरून पाऊस आत गेला की कचऱ्यातून काळं पाणी होऊन तो खालच्या विहिरींकडे निघतो. त्याला अडवायला वरची ही मातीच काय ती असते.

मे महिना होता. पहिले दोन थर आम्ही रस्त्यासारखेच तपासले. घनता उत्तम आली, मी सही केली. नंतर नळीने अखंड नमुने काढून पाण्याची चाचणी लावली, तर पाणी मर्यादेच्या 10 ते 20 पट वेगाने जात होतं. आधी उपकरणावर संशय घेतला. चाचणी पुन्हा लावली, तरी तेच. शेवटी बायकोने नमुना सुरीने उभा चिरला. आत ढेकळांचे आकार जसेच्या तसे दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये कोरडे सांधे. पाणी तिथून जात होतं.

कारण साधं होतं. माती योग्य ओलाव्यापेक्षा कोरडी असतानाच दाबली गेली होती. कोरडी माती रोलरखाली छान कडक होते, टँकरचा खर्चही वाचतो. रस्त्याला ते चालून जातं. इथे मात्र ढेकूळ मोडून शेजारच्या ढेकळात मिसळलं पाहिजे, कणीक मळताना गोळा एकजीव होतो तसं. त्यासाठी प्रॉक्टर चाचणीत निघालेल्या योग्य ओलाव्यापेक्षा 2 ते 4 टक्के जास्त पाणी लागतं. घनता एकच असलेल्या दोन मातींतून पाणी जाण्याच्या वेगात शंभर पटींचा फरक पडू शकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हाताने चिरलेल्या नमुन्यात ते पहिल्यांदा पाहिलं.

दोन्ही थर उकरावे लागतील, असं मी कळवलं. ठेकेदार चिडले. ‘अहो साहेब, डेन्सिटी पास आहे ना? सही तुमचीच आहे.’ खरंच माझीच होती. त्या थरांच्या तपासणीची फी आम्ही घेतली नाही, पण अहवाल बदलला नाही. पुढचे तीन महिने त्या ठेकेदारांनी दुसरं काम दिलं नाही. तो काळ घरात फार ओढाताणीचा गेला.

तेव्हापासून आमची रीत बदलली. काम सुरू होण्याआधी शेजारी मातीचा चाचणी-चौथरा करून घेतो. ढेकळं ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने फोडायची, पाणी मारून माती रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायची, कारण काळी माती पाणी सावकाश पिते. गुळगुळीत रोलर चालत नाही, ड्रमवर खुरांसारखे उंचवटे असलेला पायांचा रोलर हवा, आणि पाय थराच्या आरपार खालच्या थरात रुतले पाहिजेत. पुढचा थर टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग खरवडायचा, नाहीतर दोन थरांमध्ये पाण्याला आडवी वाट मिळते. आपण काढलेल्या नमुन्यांची भोकंसुद्धा बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी बारीक चिकणमाती) मिसळलेल्या मातीने ठासून भरायची. हे शेवटचं काम मी अजून दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

सगळ्यात जास्त भीती काळ्या मातीचीच वाटते. पाणी अडवायला तिच्यासारखी माती नाही, पण उन्हात दोन दिवस उघडी राहिली की तिला बोटभर भेगा पडतात आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. फार फुगणारी माती आम्ही नाकारतो, किंवा तिच्यात बारीक मुरूम मिसळून पुन्हा चाचणी घेतो. ओलावाही हात सैल सोडून वाढवून भागत नाही: रोलर रुततो, आणि वाळताना भेगा आणखी मोठ्या होतात. शिवाय खाली कचरा, गादीसारखा दबणारा. मुरुमाचा घट्ट थर आधी दिल्याशिवाय पहिला चिकणमातीचा थर नीट बसतच नाही.

आज लॅबमध्ये पाच जण आहेत. नवीन मुलाला पहिल्या दिवशी यंत्र दाखवत नाही. हातात सुरी आणि एक नमुना देतो, आणि चिरायला सांगतो.