फ्लँडर्स मॉस : तिसऱ्या वर्षाची नोंद

स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या पश्चिमेला, फोर्थ नदीच्या सपाट खोऱ्यात असलेल्या फ्लँडर्स मॉस या दलदलीत स्वयंसेवक म्हणून जाण्याचे माझे हे तिसरे वर्ष. पहिली दोन वर्षे मी बर्च या झाडाची रोपे उपटण्यात घालवली. रोपे हे दुखणे नसून दुखण्याचे लक्षण आहे, हे आता पटल्यामुळे या वेळची नोंद पाण्याविषयी आहे.

ही घुमटासारखी उंचावलेली दलदल केवळ पावसाच्या पाण्यावर जगते. येथील स्फॅग्नम शेवाळाला मुळे नसतात. ते आपल्या कोरड्या वजनाच्या २० पटींपर्यंत पाणी धरून ठेवते आणि खालून मरत, वरून वाढत वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर चढवते. जवळच्या ब्लेअर ड्रमंड येथे १७६६ नंतर तेथील जमीनदार लॉर्ड केम्स यांनी खालची चिकणमाती नांगराखाली आणण्यासाठी कुळांकडून हेच पीट कापून चरांवाटे फोर्थ नदीत सोडून दिले. त्या कुळांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण मीटरभर पीट म्हणजे साधारण १००० वर्षे, हा हिशेब डोक्यातून जात नाही. फ्लँडर्स मॉसचा बराच भाग त्यातून वाचला, तरी पाणी काढून देणारे चर येथेही खणले गेले. पीट सुकले की त्यात हवा शिरते, ते कुजून त्यातला कार्बन हवेत जातो आणि कोरड्या पृष्ठभागावर बर्च रुजतो. त्यामुळे चर बुजवल्याशिवाय केलेली तोड दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते.

चरात आडवे बांध घालताना आपल्याकडचे वनराई बंधारे आठवले, परंतु तेथे पाणी जमिनीत मुरावे म्हणून अडवतात, तर येथे ते पृष्ठभागाशीच थांबावे अशी अपेक्षा असते. एकात एक अडकणारे प्लॅस्टिकचे पत्रे आम्ही पीटमध्ये ठोकून बसवले. त्यांतल्या एका बांधाची टोके मी काठांत पुरेशी आत नेली नव्हती. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याने बाजूने वाट काढली आणि दोन्ही टोकांना पत्रे वाढवून तो पुन्हा बांधावा लागला.

पाण्याची पातळी मोजण्यासाठी जमिनीत भोके पाडलेला पाइप पुरलेला असतो. त्यात खुणा केलेली बारीक नळी फुंकत फुंकत खाली सोडायची आणि बुडबुड्यांचा आवाज आला की खूण वाचायची. वर्षाचा बहुतेक काळ पाणी वरच्या १० सेंटिमीटरमध्ये असावे, असे उद्दिष्ट असते. दुरुस्त केलेल्या बांधाजवळ गेल्या ऑगस्टमध्ये बुडबुड्यांसाठी नळी माझ्या कोपराइतकी खोल न्यावी लागली होती. यंदा मनगटाइतक्या खोलीवरच आवाज आला, तेव्हा खात्री करून घेण्यासाठी मी तीनदा मोजले.

त्या चरात आता स्फॅग्नम कस्पिडाटम हे शेवाळ तरंगते आहे. पाण्यात त्याचे हिरवे धागे मोकळे पसरलेले दिसतात. बाहेर काढताच ते भिजलेल्या पिसासारखे एकमेकांना चिकटते. ओळखीसाठी ही खूण मला भिंगापेक्षा भरवशाची वाटते. परंतु पीट घडवणारे मुख्य शेवाळ हे नव्हे. जाड, पिवळसर तपकिरी शेंड्यांचे स्फॅग्नम पॅपिलोसम काठावर दिसेपर्यंत मी या चराला सुधारलेला म्हणणार नाही. पुढच्या फेरीत काठाचा तोच पट्टा गुडघ्यांवर बसून, वीत वीत तपासणार आहे.