हेन्चर्डच्या नशिबाला किती बोल लावायचा?

इंग्रजी कादंबरीकार थॉमस हार्डी म्हटलं की लोक लगेच दैवावर येतात, त्याची माणसं बिचारी नशिबाने मारलेली वगैरे. त्याच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' (१८८६) या कादंबरीबद्दल मला हे अजिबात पटत नाही.

मायकल हेन्चर्ड, वय २१, गवताचे भारे बांधणारा मजूर, जत्रेत रम घातलेली गव्हाची खीर ढोसतो आणि झिंगलेल्या अवस्थेत बायको न् तान्ही पोर पाच गिनींना एका खलाशाला विकून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर चर्चमध्ये जाऊन शपथ घेतो, जेवढं वय झालंय तेवढी वर्षं दारूला शिवणार नाही. आणि पाळतो पण! पुढे धान्याचा मोठा व्यापारी होतो, गावचा मेयर होतो. एवढ्या वर्षांनी बायको परत येते तेव्हा तो चिठ्ठीसोबत पाच पौंडांची नोट ठेवतो आणि मग आठवल्यासारखे वर पाच शिलिंग टाकतो, म्हणजे बरोब्बर पाच गिनी! हे वाचताना दरवेळी पोटात कालवतं, पण हा झाला हिशोब चुकता करणं, प्रायश्चित्त नव्हे.

प्रायश्चित्त मला दिसतं ते कोर्टात. ती खीर विकणारी म्हातारी आरोपी म्हणून उभी आणि हेन्चर्ड न्यायाला बसलेला. ती सगळ्यांसमोर त्याचं पाप सांगते. क्लार्क म्हणतो हा बनाव आहे. नुसतं गप्प बसला असता तरी सुटला असता, कोणी तिच्यावर विश्वास ठेवणार नव्हतं, पण तो म्हणतो नाही, खरं आहे. म्हातारीला समोर आणणारं नशीब असेल, पण 'खरं आहे' म्हणणारा तो स्वतः, त्याचं श्रेय नशिबाला कसं देणार?

विकलेली ती तान्ही पोर कधीच वारलेली असते; बायकोबरोबर परत आलेली एलिझाबेथ-जेन ही तिला त्या खलाशापासून, न्यूसनपासून, झालेली मुलगी. आणि मग हाच माणूस, तिचा खरा बाप न्यूसन तिला शोधत दारात आल्यावर एका क्षणात सांगून टाकतो की ती वारली. पूर्वी दारूच्या नशेत मुलगी दिली, आता मायेपोटी दुसऱ्याची मुलगी दाबून ठेवली. दोन्ही वेळा नातं परस्पर ठरवणारा हाच, तिला विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

शेवटचं मृत्युपत्र तर वाचवत नाही. माझ्या मरणाची बातमी एलिझाबेथ-जेनला कळवू नका, माझ्यामुळे तिला दुःख नको, कोणी माझी आठवण ठेवू नये. लोक याला महान त्याग म्हणतात, मला मात्र राग येतो. ती नवऱ्याला घेऊन त्याला शोधत निघालेली असते, पोहोचते तर तो अर्ध्या तासापूर्वी वारलेला, आणि तो कागद तिच्याच हातात पडतो. शेवटच्या भेटीत आपण त्याला तोडून बोललो हे तिला आता जन्मभर सलणार. स्वतःला एवढी शिक्षा देताना तिला माफ करायची एक संधी तरी द्यायला हवी होती त्याने, ती आली होती त्याच्यासाठी.