हाजी अलीची खडपे: गाळात तग धरून असलेली प्रवाळे कशी पाहावीत

मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळे आहेत, यावर आजही अनेकांचा विश्वास बसत नाही. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या निळ्या पाण्यातली छायाचित्रे मनात ठेवून येथे येणारा निराशच होणार, कारण त्या अर्थाने प्रवाळभित्ती येथे नाही. येथे काळ्या बेसाल्टच्या खडपांवर सुटी सुटी प्रवाळे वाढतात, काही तर रुपयाच्या नाण्याहून लहान, आणि मोठ्या ओहोटीला काही वेळ ती उघडी पडतात. हिवाळ्यातल्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेला आम्ही काही जण ती पाहण्यासाठी पहाटे महालक्ष्मी स्थानकावरून चालत हाजी अलीला पोहोचलो.

दिवसाची निवड येथे सर्वांत महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, मुंबईत ओहोटीचा तळ साधारणपणे सकाळी व संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी पुरेसे उतरतच नाही. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल असा दिवस निवडावा, त्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच परतीला लागावे. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते, हे मुंबईकरांना सांगायला नको, पण खडपांमधल्या घळी त्या वाटेच्याही आधी भरतात.

सुरुवातीला आम्ही सपाट खडकांवरच शोधत राहिलो. तेथे शेवाळ, कालवांची कवचे आणि बोटाने ओढले तर रेघ उमटेल असा राखाडी गाळाचा थर, एवढेच दिसले. कालवे काढणाऱ्या एका मावशींनी ‘वर काय बघता, कडेला बघा’ असे सांगितले, तेव्हा खरे पाहणे सुरू झाले. खडकाच्या उभ्या बाजूंवर, कपारीच्या छताला आणि पाण्याचा प्रवाह सतत खेळता राहतो अशा फटींत प्रवाळे होती: ‘फॉल्स पिलो’ या नावाने ओळखली जाणारी, खडकाला चिकटून पसरणारी तपकिरी वसाहत (अनेक लहान प्रवाळजीव एकत्र वाढून बनलेली), आणि आतल्या बाजूला बारीक पेल्यांसारखी, एकेकटी वाढणारी प्रवाळे.

ही मांडणी योगायोगाने झालेली नाही. गढूळ पाणी आणि खाली बसणारा गाळ हे दोन वेगळे ताण आहेत. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो आणि ज्या प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहून अन्न तयार करतात त्यांची उपासमार होते. पेल्यांसारख्या प्रवाळांपैकी अनेकांमध्ये अशी शैवाले नसतात. ती स्पर्शकांनी अन्नकण पकडून जगतात, म्हणून अंधाऱ्या कपारीतही त्यांचे भागते. मात्र गाळ अंगावर बसणे दोघांनाही घातक असते. प्रवाळ चिकट स्राव सोडून आणि सूक्ष्म केसांची हालचाल करून तो झटकते, पण त्यात खर्च होणारी ऊर्जा वाढीतून आणि प्रजननातून वजा होते. मानवी हस्तक्षेप नसलेल्या प्रवाळभित्तींवर दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला सुमारे १० मिलिग्रामपर्यंत गाळ बसतो, असे नोंदले गेले आहे. त्याहून कितीतरी अधिक गाळ सोसणाऱ्या जाती आहेत, परंतु सोसणे म्हणजे बाधा न होणे नव्हे. शिवाय सगळा गाळ सारखा नसतो. भरड वाळू लाटेबरोबर निघून जाते. सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याने भरलेला बारीक गाळ मात्र चिकटून राहतो, त्यातले जिवाणू प्राणवायू संपवतात आणि खालची ऊती मरते. पोषकद्रव्ये वाढल्याने शेवाळही फोफावते, आणि अशा खडकावर प्रवाळाच्या अळीला टेकायला स्वच्छ, कठीण जागाच उरत नाही. त्यात समुद्राचे तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीहून अंशभर जास्त होऊन काही आठवडे तसेच राहिले, तर ऊतीतली शैवाले बाहेर टाकली जाऊन प्रवाळ पांढरे पडते. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेली चौथी जागतिक विरंजनाची, म्हणजे प्रवाळे अशी पांढरी पडण्याची, घटना याच कारणाने घडली. गाळ झटकण्यात आधीच थकलेल्या प्रवाळाला त्यातून सावरणे अधिक जड जाते.

किनारी रस्त्याच्या भरावासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी येथील काही वसाहती काढून दुसरीकडे लावण्यात आल्या. त्या कामातले कौशल्य मान्य करूनही माझे मत असे की, वसाहत हलवता येते, तिच्याभोवतीचा प्रवाह हलवता येत नाही. भरावामुळे पाणी जेथे संथ होते, तेथे गाळ बसू लागतो, आणि उरलेल्या वसाहतींचे काय झाले हे वर्षानुवर्षे पाहात राहिल्याशिवाय कळत नाही.

जाणाऱ्यांनी पकड असलेले, बंद बूट घालावेत, कारण कालवांची धार पाय कापते. पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा पाणी गढूळ, लाटा बेभरवशाच्या आणि खडक निसरडे असतात. दगड उलटू नयेत, वसाहतींना बोट लावू नये. प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेला तुकडाही खिशात टाकू नये. प्रथमच जाणाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाच्या किनारा-फेरीबरोबर जाणे उत्तम. लहान विजेरी जवळ ठेवावी आणि तिचा प्रकाश कपारीत तिरका टाकावा, म्हणजे पेल्यांच्या कडा उठून दिसतात. छायाचित्र घेताना मापासाठी शेजारी नाणे ठेवावे, आणि खडकाची बाजू उभी की आडवी, वर गाळ किती, हे तारखेसह टिपून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात त्याच खडकाशी तुलना करायला तेवढे पुरते.