ओरडतो पंप, दुखणं नळीचं

आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढायचा, आणि प्रत्येक वळणाला स्टिअरिंगचा पंप, म्हणजे ऑइलच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणारा पंप, कण्हायचा. आमच्या जुन्या पिकअपची ही तक्रार. गॅरेजमध्ये ऐकताक्षणी निकाल दिला: पंप गेला, नवा टाका. मला ते पटेना.

आधी पंप फिरवणाऱ्या बेल्टवर थोडं पाणी मारलं. बेल्टचा आवाज असता तर क्षणभर तरी बदलला असता. बदलला नाही. मग स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. पातळी ठीक, पण वर ताकासारखा फेस! म्हणजे पंप हवा ओढत होता. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. म्हणून खाली एक थेंबही न सांडता हवा आत शिरू शकते. हात घालून बघितलं, तर क्लिप खाऱ्या हवेने गंजून सैल झालेली आणि नळीचं टोक कडक होऊन चिरलेलं.

दोन्ही बदललं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. मध्येमध्ये ऑइलची भर. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच ऑइल घाला, दुसरं नको.

रत्नागिरी, मालवणकडच्या गाडीवाल्यांनो, पावसाळा सरला की ही क्लिप एकदा बघाच.