चोर सोडून संन्याशाला

गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत नऊ कुंड्या आणि रंगाचे दोन रिकामे डबे, एवढाच काय तो सातबारा. त्यातल्या एका डब्यात चवळी लावली. वेल कठड्यावर चढला, फुलं आली, आणि एका सकाळी पाहते तर शेंडे काळेभोर. मावा! रस शोषणारी ही बारीक कीड, कोवळ्या शेंगेवर काळे तीळ दाबून बसवावेत तशी. पानं चिकट झालेली आणि कठड्यावरून मुंग्यांची दिंडी निघालेली. मावा अंगातून गोड चिकटा सोडतो, तो मुंग्यांना हवा असतो. त्या बदल्यात त्या त्याची राखण करतात. त्यात माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडी घालायची गरज नाही. थेट पिल्लंच, आणि ती आठवड्याभरात स्वतः लेकुरवाळी. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगची तारीखसुद्धा एवढ्या वेळात ठरत नाही.)

दिंडोरीच्या मामांना फोन केला. त्यांची द्राक्षबाग आहे.

"डबाभर चवळीला निंबोळी अर्क पुष्कळ झाला. पण संध्याकाळी मार, उन्हात त्याचा जोर जातो."

50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात भिजत घातली. घरभर तो कडवट वास. मधल्या वेळात माव्याच्या गर्दीत फिरणाऱ्या काही अळ्या दिसल्या. काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या खडबडीत. याच मुख्य गुन्हेगार, असं ठरवून सात-आठ वेचल्या, साबणाच्या पाण्यात बुडवल्या आणि मोठ्या ऐटीत मामांना फोटो पाठवला.

लगेच फोन वाजला. "अगं, ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी ती! मावा खाऊन जगते. आपलीच माणसं मारलीस की."

मग स्वतःच हसले. त्यांच्या बागेत पिठ्या ढेकूण या किडीसाठी, ती खाणाऱ्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याचे भुंगेरे विकत आणून सोडले होते. त्यांची अळी अंगावर पांढरा कापूस घेऊन फिरते, दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकूणच. मजुरांनी तत्परतेने सगळ्या चिरडल्या.

अर्क तसाच ठेवला. वेल कठड्यावरून सोडवला, काठीला बांधला आणि डबा पाण्याच्या परातीत उभा केला; मुंग्यांची वाट बंद. भाजीपुरती चवळी बुधवारच्या बाजारातून आणली.

काल एका पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला. मामांना फोटो पाठवलाय. उत्तर येईपर्यंत त्या पानाला कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.