तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा ग्राउंडहॉगला .२२३ कशाला?

"एवढ्याशा ग्राउंडहॉगला .२२३? .१७ एचएमआर पुरते की." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत कळतं काय येणार ते. (नवख्यांसाठी: ग्राउंडहॉग म्हणजे बिळं करून राहणारा, सोयाबीन खाणारा अमेरिकेतला प्राणी; .२२३ आणि .१७ एचएमआर ही रायफलीच्या काडतुसांची नावं, आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात.) रेंजवर विचारतात, फोनवर विचारतात, पहिली रायफल घ्यायला निघालेला प्रत्येक जण विचारतो, आणि ज्यांना माहितीये की माझ्याकडे आधी .१७ होती ते तर जास्तच खोदून विचारतात, बदललीस कशाला, काय बिघडलं होतं तिचं. मी दरवेळी "वाऱ्यासाठी" म्हणून विषय बदलतो. ते खोटं नाही पण अर्धंच आहे. एकदा पूर्ण लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे करता येईल.

ग्राउंडहॉग मारायचेच कशाला, पिंजरे लावून बघितले का, सोयाबीनचं किती नुकसान होतं, हे सगळं तुमच्याशी आधीच बोलून झालंय. ते परत उगाळत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. .१७ एचएमआर वाईट काडतूस आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही, माझ्या नावावर ते खपवू नका. हॉर्नडीने २००२ मध्ये आणलं, .२२ मॅग्नम काडतुसाच्या केसची, म्हणजे पितळी कवचाची, मान आवळून. गोळी १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅम, आणि नळीतून निघते २५५० फूट प्रति सेकंदाने. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, आणि १०० यार्डावर माझ्या रायफलीच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. साध्या .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी हळू जाते, कडक जमिनीवर आपटली की उसळून भलतीकडे निघू शकते. .१७ची प्लास्टिकच्या टोकाची गोळी आपटली की बहुतेक वेळा तिथेच फुटते. मागे मातीचा उतार हवाच, तो कुठल्याही काडतुसाला हवा, पण शेतावर घरं-गुरं असताना हा फरक मोठा आहे. सात वर्षं मी तीच वापरली आणि सात वर्षं सगळ्यांना तीच घ्यायला सांगत होतो. तुमच्यापैकी दोघांनी तर माझ्या सांगण्यावरूनच घेतलीय.

आता तो दिवस.

जूनचा शेवट, संध्याकाळी सहाच्या सुमारास. ज्यांच्या शेतावर मी जातो ते आजोबा मागे पिकअपमध्ये बसले होते. मी गोठ्याच्या कोपऱ्याला, भिंतीच्या आडोशाला आडवा पडलेलो, रायफल बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर. समोर सोयाबीन, घोट्याच्या वर आलेलं, आणि त्यापलीकडे बांधावर बिळाची ताजी उकरलेली लाल माती. ग्राउंडहॉग बिळापासून सात-आठ फुटांवर चरत होता, तोंड डावीकडे, पूर्ण बाजू माझ्याकडे. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरवर १७२ यार्ड. मी स्वतःच स्वतःला नियम घातला होता की .१७ने १२५च्या पुढे मारायचं नाही, आणि तो नियम मी त्या वर्षी आधीच दोनदा मोडला होता, दोन्ही वेळा प्राणी जागेवर पडला होता. नियम असाच मोडतो, एकदा निभावलं की.

माझ्या तोंडावर वारा नव्हता. भिंत होती ना मध्ये. माझ्यासमोरचं गवत अगदी स्थिर, आणि मी त्या गवताकडे बघून ठरवलं की वारा थोडासाच आहे, डावीकडून. पण स्कोपमधून, रायफलीवरच्या दुर्बिणीतून, बघताना, आणि हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही, शेताच्या मधल्या पट्ट्यात सोयाबीनची पानं पालथी झालेली मला दिसली होती. सोयाबीनचं पान खालून फिकट असतं, वारा लागला की पान उलटतं आणि हिरव्या शेतात पांढुरका पट्टा सरकत जातो. तो पट्टा मला दिसला. डाव्या हातापासून उजवीकडे गेला, थांबला, पुन्हा तसाच गेला. मी बघितलं, आणि स्कोपमधली नेमाची फुली त्याच्या खांद्याच्या तीन-साडेतीन इंच पुढे धरून चाप ओढला.

गोळी पोचायला पाव सेकंद लागतो. गोळी लागल्याचा आवाज आला तो चुकीचा होता, ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, खांद्यात बसल्यावर येतो तो नाही. प्राणी उडाला नाही, पडला नाही. पुढचे दोन पाय चालू होते, मागचं अर्धं अंग मेलं होतं. त्या पुढच्या दोन पायांनी तो बिळाकडे ओढत निघाला. एक पाय टाकायचा, अंग ओढायचं, थांबायचं. मी नवं काडतूस भरायला बोल्ट मागे-पुढे केला आणि दुसरी गोळी झाडली, ती त्याच्या मागे मातीत गेली, कारण आता हात थरथरत होता आणि वाऱ्याचा अंदाज अजूनही तोच चुकीचा. तिसरी झाडेपर्यंत तो आत होता. सात-आठ फूट. किती वेळ लागला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला.

आम्ही चालत गेलो. उकरलेल्या मातीवर एक ओढल्याची रेघ होती आणि थोडं रक्त, फार नाही. आजोबा खाली वाकून बिळात बघत राहिले. मग म्हणाले, "अंधार पडेपर्यंत बस इथे. बाहेर आला तर जवळून मार." मी बसलो. आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, काही नाही. तिसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी माश्या होत्या.

म्हणजे पहिली रात्र तो आत जिवंत होता की नव्हता हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. जनावराला त्रास न होता मारायचं हे एकच तर आपलं म्हणणं असतं, ज्यांना शिकार पटत नाही त्यांच्यासमोर आपण तेच सांगतो. मीही सांगायचो.

त्या रात्री मी आकडेमोड करत बसलो. ताशी १० मैलांचा आडवा वारा धरला तर .१७ची गोळी १०० यार्डावर तीन-साडेतीन इंच सरकते, १७०वर साधारण दहा इंच, २००वर पंधराच्या आसपास. मी १०० यार्डांचा हिशोब १७०ला लावला होता. राहिलेले सहा-सात इंच म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर, बरोबर तेवढंच. आणि २०० यार्डांपर्यंत तिची ताकदही निघतानाच्या २४५ फूट-पाउंडवरून सत्तरच्या घरात येते, म्हणजे चुकीच्या जागी लागली तर सावरून घ्यायला काहीच उरत नाही.

त्याच वाऱ्यात, त्याच १७० यार्डांवर .२२३ची ५५ ग्रेनची गोळी सरकते साधारण तीन इंच. हे "वाऱ्यासाठी"चं उत्तर. कागदावर ते इतकं स्वच्छ दिसलं की महिन्याभरात .१७ कपाटात गेली.

सरळ .२२३वर आलो असंही नाही. आधी एक उन्हाळा मित्राची .२२-२५० वापरली, कारण तेव्हा डोक्यात एकच होतं की अजून वेग, अजून वेग. हे काडतूस जुन्या .२५० सॅव्हेज काडतुसाच्या केसवरून बनलेलं, कित्येक वर्षं लोक घरीच भरायचे, १९६५ मध्ये रेमिंग्टनने रीतसर बाजारात आणलं. ५५ ग्रेन, ३६८० फूट प्रति सेकंद. खरंच वीज आहे. पण हिशोब करा, १७० यार्डांवर वाऱ्याचा फरक .२२३पेक्षा अर्धा इंचसुद्धा कमी नाही. त्या अर्ध्या इंचासाठी बारूद दीडपट जळतं, नळीचा घसा लवकर झिजतो, आवाजाने आजोबांच्या गाई बुजायच्या, आणि धक्क्याने स्कोप वर उडायचा, म्हणजे गोळी कुठे लागली ते बघायला मी दर वेळी अर्धा सेकंद उशीर. त्या जूननंतर मला सगळ्यात जास्त काय हवं होतं तर गोळी लागताना बघणं. .२२३मध्ये, थोडी जड रायफल असेल तर, ते दिसतं.

.२०४ रुगरबद्दलही विचारता. २००४चं काडतूस, ३२ ग्रेन, ४२०० फुटांच्या वर, धक्का अजून कमी. चांगलंच आहे, आणि वाऱ्यात जवळपास .२२३एवढंच सरकतं. ते घेतलंत तर मी वाद घालणार नाही. मी घेतलं नाही कारण .२२३चं काडतूस कुठेही मिळतं, आणि मला तांब्याच्या गोळ्या वापरायच्या होत्या, मेलेल्या जनावरावर ससाणे, गरुड उतरतात आणि शिशाचे बारीक तुकडे त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, लांब गोळी स्थिर फिरायला नळीच्या आतल्या चऱ्यांना जास्त पीळ लागतो, आणि .२२३च्या आजच्या रायफलींमध्ये आठ-नऊ इंचांत एक पीळ सर्रास मिळतो. जुन्या .२२-२५०मध्ये चौदा इंचांत एक असायचा, म्हणजे कमी.

आजोबांकडे स्वतःची .२२२ आहे, १९५०चं काडतूस, त्यांच्या वडिलांची रायफल. त्यांना मी हे सगळे आकडे दाखवले होते, अगदी उत्साहाने. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "तुला पानं उलटलेली दिसली नव्हती का?"

मी म्हटलं नव्हती दिसली.

इथपर्यंत मी तुमच्याशी भांडत होतो, आता माझ्याशीच भांडण आहे. कारण त्याच कागदावर अजून एक ओळ होती जी मी तेव्हा वाचली नाही. .२२३ची तीच गोळी ३०० यार्डांवर त्याच वाऱ्यात साधारण दहा इंच सरकते. .१७ची १७०वर जेवढी, तेवढीच. म्हणजे मी विकत काय घेतलं? तीच चूक, १३० यार्ड पुढे नेऊन ठेवलेली. त्या दिवशी हातात .२२३ असती तर माझ्या साडेतीन इंचांनी गोळी बरोबर खांद्यात बसली असती, मी खूश होऊन घरी गेलो असतो, वारा वाचता येतो अशा समजुतीत राहिलो असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात २८०वर हेच झालं असतं. मग दोष .१७चा होता असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि नव्हता म्हणावं तर मी बदलली का?

काही दिवस वाटतं की बदलली हे बरोबरच केलं, माणूस चुकणारच, तर चुकीला जागा देणारं काडतूस हातात असावं, जनावराशी तेवढा तरी प्रामाणिकपणा. काही दिवस वाटतं की .१७ ठेवून १२५चा नियम पाळला असता तर ते जास्त खरं झालं असतं. म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मी चिडतो.

आता .२२३लाही नियम आहे, २००च्या पुढे नाही. परवा, सोयाबीन पुन्हा घोट्याच्या वर, बांधावर एक मोठा नर, मागच्या पायांवर उभा. २३१ यार्ड. मधल्या पट्ट्यात पानं पालथी होत होती, या वेळी मी ती नीट बघितली, किती वेळा, किती लांब. चार-पाच इंच धरायचे हे मनात आलंसुद्धा. शेवटी बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. पण .१७ असती तर २३१ला मी विचारच केला नसता. .२२३ होती म्हणून दहा मिनिटं बोट चापाजवळ ठेवून बसलो होतो. आजोबा पिकअपमधूनच ओरडले, "वारा आहे का रे?" मी हो म्हटलं.